बाबांनी मान वर केली

१४ मार्च

प्रिय ताई,

तुला नमस्कार. बाबांना माझा नमस्कार सांगायचा की नाही, हे पत्र वाचून झाल्यावर तूच ठरव.

मी ठीक आहे. टेकडीखाली पत्र्याच्या खोलीत मुक्काम आहे. एक कोल्हीण आणि तिची चार पिल्लं, यांचं चित्रण चाललंय. ड्रोन लांब ठेवायचा आणि झूम लेन्सनं जवळ जायचं. पिल्लाच्या नाकावरची माशीसुद्धा दिसते, पण त्यांना माझा पत्ता नसतो. दिवसच्या दिवस कोणाशी बोलणं होत नाही. परवा दुकानात साबण मागितला, तर माझाच आवाज मला घोगरा वाटला. हस, हस.

आमच्या कामात एक नियम आहे. जनावरानं मान वर केली, की समजायचं आपण फार जवळ गेलो. मुकाट मागे फिरायचं.

आता खरं सांगतो. ही टेकडी आपल्या घरापासून सहा किलोमीटरवर आहे. मला इथं येऊन महिना झाला. चिडलीस तरी चालेल.

बाबांच्या घशाच्या ऑपरेशनला मी आलो नाही. कामाचं कारण दिलं, तेही धड खरं नव्हतं. त्यांचा आवाज गेला, हे तू कळवलंस आणि मला धडकीच भरली. ज्या आवाजाशी आयुष्यभर भांडलो, तोच राहिला नाही. आता कोणत्या तोंडानं समोर उभं राहू? दोन वर्षं अशीच ढकलली.

मंगळवारी सकाळी ड्रोन घराच्या दिशेनं नेला. मागच्या माळावरच थांबवला आणि झूम पूर्ण वाढवला. बाबा अंगणात स्टुलावर बसून सायकलची चेन पुसत होते. केवढेसे झालेत गं. मी बघतच राहिलो. तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

माझा अंगठा आपोआप मागे गेला आणि ड्रोन परत फिरला. सख्ख्या बापाला मी कोल्ह्याचा नियम लावला, ताई. मग तिथेच बसून रडलो.

नंतर चित्रण पुन्हा पाहिलं. एवढ्या लांबून ड्रोन ऐकू जाणं शक्य नाही. कदाचित घार दिसली असेल. पण कपाळावर आडवा हात धरून ते माझ्याच दिशेनं बघताहेत, आणि ओठ हलताहेत. दोन शब्द, फार तर तीन. वीसदा पाहिलं, मला काही कळलं नाही. तुला त्यांचे ओठ वाचता येतात. म्हणून ते चित्रण पेन ड्राइव्हवर घेऊन पाकिटात घातलं होतं. मग काढून घेतलं. दोन वर्षं बाबांचं सगळं तुझ्याकडूनच ऐकत आलो, आता हेही तुलाच विचारू?

रविवारी येतो, चालत. त्यांना आधी सांग किंवा नको सांगूस. फक्त ते बोलायला लागले, की मध्ये पडून मला अर्थ सांगू नकोस. मला कळेपर्यंत त्यांना पुन्हा पुन्हा बोलू दे.

तुझा, आणि अजून चालत असेल तर त्यांचाही,
धाकटा