कागद खरवडलेला डबा

प्रिय सुंदर,

तुम्हा सगळ्यांना माझा आशीर्वाद. माझं बरं आहे. कपाशीच्या पऱ्हाट्या आणून चुलीची सोय करून ठेवली. म्हैस विकली, आता एकटीला तिचं करणं होत नाही.

शाळेतल्या तोताराम गुरुजींनी यंदा ‘टाकाऊतून टिकाऊ’ असं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मला बोलावून म्हणाले, अक्का, मुलांना गोधडी शिवून दाखवा. मला हसूच आलं. आपल्या घरात टाकाऊ होतं तरी काय? लुगडं फाटलं की गोधडी, गोधडी फाटली की पोतेरं. दोंडाईच्याच्या बाजारातून येणाऱ्या पुड्यांचे कागद मी अजून जपते. तुझे आबा गेल्यावर त्याच कागदांवर मी अक्षरं जुळवत वाचायला शिकले. हे सगळं मुलांना सांगितलं. त्यांनी टाके घालून पाहिले, एकाने बोट टोचून घेतलं, बाकीची खिदळली.

मग हिलालच्या मुलीने आपली वस्तू पुढे केली. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा, गेरूने रंगवलेला, वर चुन्याचे ठिपके. वर्गाला प्यायचं पाणी ठेवायला आणला म्हणाली. गुरुजींनी शाबासकी दिली. मी तो डबा तिच्या हातातून ओढला, ओट्यावर ठेवला आणि दगड-खिळ्याने भोकं पाडायला लागले. पोरगी रडू लागली. “आज्जी, इतला चांगला डबा काब फोडस?” मागून एक जण म्हणाला, “म्हातारीले भंगारवर कुल्फी खावानी शे!” सगळी हसली.

तेव्हा मी त्यांना सांगितलं, जे तू आणि मी आजवर एकमेकींशी बोललो नाही. आबांनी असाच डबा शेतातून आणला होता. धुतल्यावर त्यात घाण्याचं तेल आणलं. त्यांना ठेच्यावर कच्चं तेल ओतून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खायची सवय. पुरुष आधी जेवतो, म्हणून ते आधी बसले. अंधार पडायच्या आत सगळं संपलं. आपण दोघी वाचलो त्या फक्त मागून जेवायच्या रीतीमुळे. आपल्या भाकरी टोपलीत तशाच राहिल्या होत्या.

हिलालच्या मुलीने डोळे पुसत विचारलं, “तो डबा कोनी धुयेल व्हता?” मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलांनी घराघरांतून तसे डबे हुडकून आणले. कुणात मीठ होतं, कुणात पाणी, एकात तान्ह्या बाळाचं दूध. सगळे ठेचून आम्ही विहिरीपासून लांब खड्ड्यात पुरले.

ते उत्तर तुला द्यायचं म्हणून हे पत्र. जावईबापूंनी कळवलं, दीपनगरच्या घरात तू एकही डबा टिकू देत नाहीस, मी पाठवलेला तुपाचासुद्धा फेकलास. नवऱ्याच्या आणि लेकराच्या ताटातला पहिला घास तू खातेस, आणि सासू खादाड म्हणते ते मुकाट ऐकतेस. आखाजीच्या सणाला माहेरी येत नाहीस. सुंदर, त्या मुलीच्या डब्यावरचा गेरू मी पुरण्याआधी खरवडून पाहिला. खाली कागद होता. वाचला. रिकामा डबा पुन्हा वापरू नये, फोडून पुरावा, असं लिहिलेलं होतं. आपल्या डब्यावरचा कागद आबांनी स्वतः विळ्याने काढला होता, डबा नवा दिसावा म्हणून. मी समोर बसून डाळ निवडत होते, मला आठवतं. मग तुला हाक मारून म्हणाले, “चांगला डबा शे, पोरी, धुई काढ. तेलले व्हई.” तुझ्या हातात आला तेव्हा त्यावर वाचण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तू राखेने घासलास, मग चिंचेने घासलास. तुझ्या धुण्यात काही कमी नव्हतं, पोरी. ते धुऊन जाणारं नव्हतं. यंदा आखाजीला ये. आबांच्या नावाची घागर भरायची आहे, मातीची आणून ठेवली आहे. जेवायला आपण बरोबर बसू. पहिला घास मी घेईन.

तुझीच,
माय