भू. ना.

शनि., १ नोव्हें.
शहापूरला डॉ. बाईंकडे जाऊन आलो. साखर परत वर. गोळ्यांवर भागत नाही, आता आठवड्यातून एकदा पोटावर इं. टोचायचं. बाई वयाने मुलीसारखी, पण समजावते छान. म्हणे, "काका, घास पोटात गेला की आतडं स्वादुपिंडाला निरोप धाडतं, साखर येतेय, इन्सुलिन सोड. तुमच्यात त्या निरोपाला जोर राहिलेला नाही. वर दुसरं एक हार्मोन लिव्हरच्या मागे लागलंय, साखर सोड, साखर सोड. इंजेक्शन पहिल्याला जोर देतं, दुसऱ्याला गप्प बसवतं."
म्हटलं, बाई, हे तर आमचं भातसा धरणच! वर डोंगरात पाऊस झाला की वायरलेसवर निरोप यायचा, मग आम्ही गेट उचलायचो. सगळी नोकरी त्यात गेली. निरोपच आला नाही तर गेटवाला काय करणार, कप्पाळ?
भूकही कमी होईल म्हणाल्या. सौ. शेजारीच बसलेली, पदर तोंडाला लावून हसली. "यांची भूक? धरण आटंल, ती नाय आटायची."

बुध., १२ नोव्हें.
दुसरं इं. झालं. साखर उतरतेय, औषधाला नाव ठेवायला जागा नाही. पण भूक नाही. सकाळी नव्हती, दुपारी नाही. यापुढे नुसतं भू. ना. लिहीन, रोज तेच खरडून शाई कशाला नासायची.
सौ.च्या माहेराहून, मुरबाडकडून नवा तांदूळ आलाय. तिने भाकरी थापली, सुकट केली. चतकोर खाल्ली आणि हात धुतला. तिने उरलेली भाकरी फडक्यात दोनदा गुंडाळली.
भातसानगरच्या क्वार्टर आठवल्या. शिफ्ट सुटली की चढावरच सुकटीचा वास यायचा. एकदा नाकाच्या मागे जाता जाता शेजाऱ्यांच्या घरात शिरलो आणि पाटावर बसलो देखील! त्या वहिनींनी बिचाऱ्यांनी वाढलं. सौ. दोन दिवस बोलली नाही. काय ती भूक होती! भुकेला कोंडा न् निजेला धोंडा, कसलं म्हणून वावडं नाही. ती गेली तर घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतं, खोटं कशाला बोलू.

शुक्र., २१ नोव्हें.
दुपारी भू. ना. म्हणून पडून राहिलो. सौ. दोनदा येऊन "वाढू का?" विचारून गेली. म्हटलं, थांब जरा. ऊन कलायला लागलं. मग स्वयंपाकघरात भांडं पडलं. जाऊन बघतो तर चुलीजवळ भिंतीला टेकून बसलेली, अंग घामाने भिजलेलं, हात लटपटताहेत. मला म्हणाली, "आबा, आलाव?" आबा म्हणजे तिचा बाप. जाऊन किती वर्षं झाली.
शुद्धीत होती, गिळत होती, म्हणून साखरेचं पाणी पाजलं. हळूहळू डोळे जागेवर आले. विचारलं, "जेवलीस का गो?"
"तुमी तरी कुटं जेवलाव?"
उभ्या संसारात माझ्याआधी घास घेतला नाही हिने. आणि साखर तिलाही आहे, सकाळी तिची गोळी पोटात गेलेली. माझ्या डोक्यातच आलं नाही. घाबरलो, फार घाबरलो.

शनि., २२ नोव्हें.
डॉ. बाई दोघांवर चिडल्या. माझं इं. साखर असेल तेवढंच काम करतं. सौ.ची गोळी जुन्या पद्धतीची, पोटात अन्न असो नसो, स्वादुपिंडाला पिळतेच. म्हणजे निरोप येवो न येवो, गेट उघडं. वरून धरणात पाणीच येत नसेल तर तळ दिसणार नाही तर काय.
सौ.च्या रक्ताचे रिपोर्ट आले की गोळी बदलू म्हणाल्या. तोवर, "मावशी, वेळेवर जेवायचं. कुणाची वाट बघायची नाही." सौ. "बरं" म्हणाली. तिचं हे बरं मी लग्नापासून ओळखतो.
घरी येताना म्हटलं, तू आधी जेवत जा. तर म्हणे, "पुराच्या दिसांत तुमी गेटवर, मी ताट झाकून बसायची. तवा नाय मेली, आता मरते काय?" तेव्हा सकाळचा गेलेला मी दिवेलागणीला यायचो. भिंतीला टेकून बसलेली असायची आणि म्हणायची, "आत्ताच तर बसले." फार गोड वाटायचं तेव्हा. अजूनही वाटतं, तेच तर...

मंगळ., २५ नोव्हें.
युक्ती काढली. उन्हं डोक्यावर आली की ओरडतो, "भूक लागली गो!" खरं भू. ना. पण बसतो, चार घास ढकलतो, मग ती जेवते. तीन दिवस झाले, जमतंय. आयुष्यभर मला 'खायला काळ अन् भुईला भार' म्हणाली, आता खायचं नाटक करतोय.

गुरु., २७ नोव्हें.
सौ.ने पकडलं. "तुमची भूक मला ठाव हाय. भूक लागली का तुमी भांडता. मीठ कमी, तिखट कमी. आता काय बी वाढा, गुमान गिळता."
डोळे भरून आले, तिचेही. मग म्हणाली, "गिळा, भात निवतोय."

शनि., २९ नोव्हें.
रिपोर्ट अजून आले नाहीत. आज ठरवून भांडलो. वालाच्या बिरड्याचा घास घेतला आणि कपाळाला आठी घालून म्हटलं, "मीठच नाही यात!"
सौ. खो खो हसत सुटली. "मुद्दाम दोनदा टाकलंय!"
तोंड खारट झालेलं. हसून हसून दमली, मग उठून निवळ पेज घेऊन आली. आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, आपलंही ताट वाढून आणलं, माझ्यासमोर बसली. संसारात पहिल्यांदा.
"घे," म्हटलं.
"तुमी घ्या."
"तू घे आधी. डॉक्टरीण काय म्हणाली?"
तिने घास उचलला, मीही उचलला. दोघंही घास हातात धरून एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो.
आधी कुणी खाल्ला ते लिहीत नाही. उद्या दुपारी परत हीच मारामारी आहे.