यहूदाची प्रभावळ

४ मार्च १५४७

काकाने पुन्हा तेच केलं! संत आगाथाचं चित्र आज बोलोन्याच्या बाजारात लागलं. तिच्या गालावरचा उजेड मी महिनाभर बसून लाकडात कोरला, आणि खाली नाव — काकाचं, गास्पारे. एकट्याचं! विचारलं तर म्हणतो, "पोरीबाळीचं नाव पाहिलं तर पाद्री चित्राला हात तरी लावतील का, ऑर्सोला?" वर हसला. बाबा गेल्यापासून नऊ वर्षं हेच ऐकतेय. आता याची जिरवल्याशिवाय राहणार नाही.

९ मार्च

मठाचं काम आलंय. ख्रिस्ताचं शेवटचं भोजन, तीन लाकडी ठशांत, एकाच कागदावर एकावर एक छापायचं. काळ्या रेषांचा ठसा काका कोरणार. तपकिरी आणि फिका माझ्या गळ्यात.

१५ मार्च

सुचलं! फिक्या ठशात जिथं लाकूड खोदावं तिथं शाई लागत नाही, कागद कोरा राहतो — तोच उजेड. नुसत्या लाकडाकडे बघून कुणाला पत्ता लागत नाही. आणि तिन्ही ठसे एकावर एक पहिल्यांदा उमटतात ते घेणाऱ्यांच्या समोरच, ही आमची रीत. यहूदाच्या डोक्यामागे संतांसारखी प्रभावळ कोरली तर? ख्रिस्ताला विकणारा संत! मठवाले हल्ली सगळीकडे पाखंड हुडकत असतात, काकाला तिथंच धरतील. आणि 'हे मी नाही कोरलं' म्हणणार कुठल्या तोंडाने? नऊ वर्षं गावभर सांगत आलाय, सगळं मीच कोरतो!

२१ मार्च

कोरली. इतकं सुबक वर्तुळ ख्रिस्ताचंही जमलं नव्हतं, देव क्षमा करो.

उपासाचे दिवस, ताटात वाळका मासा. काकाने स्वतःचा तुकडा माझ्याकडे सरकवला. मी खाल्ला. विरघळणार नाही.

२८ मार्च

काका रेषांचा ठसा कापडात गुंडाळून ठेवतो. कोपऱ्यातलं नाव तो सगळ्यात शेवटी, एकट्याने कोरतो. कोर म्हणावं, ठळक कोर!

"या वेळी तूही चल मठात," म्हणाला. ओझं वाहायला असणार. चालेल. त्याचं तोंड बघायला मिळेल.

२ एप्रिल

पहिला कागद उचलला. यहूदाच्या डोक्यामागे लख्ख उजेड. मठाधिपती पुढे वाकले. मी खालचा कोपरा पाहिला.

'कोरणारी — ऑर्सोला.' एवढंच.

काका माझ्याकडे बघून हसत होता. चित्राकडे त्याने अजून पाहिलंच नव्हतं.