खांद्यातून लिहायचा धडा

मेरिदा, १४ ऑक्टोबर

प्रिय आणि महाहट्टी एल्सी,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पत्र कसलं, नोटीसच ती. कॉम्प्युटरवर टाइप केलेली, खाली तुझ्या वतीने तुझ्या लेकीने, मिर्नाने, सही ठोकलेली. आईची बोटं संधिवाताने आखडली आहेत, पेन धरवत नाही, यापुढे पत्रं बंद, मावशींनी फोन करत जावा. मी चाळीस वर्षं जन्ममृत्यूच्या नोंदणी कचेरीत काढली, शेकड्यांनी मृत्यूचे दाखले हाताने लिहिले, पण इतका कोरडा मजकूर एकाही मेलेल्याच्या वाट्याला येऊ दिला नाही. लेकीला माझे आशीर्वाद सांग आणि हेही सांग, की फोनवर मला ‘हॅलो’च्या पुढचं काही ऐकू येत नाही. छप्पन्न वर्षं मी तुझी पत्रं वाचते आहे. ती अशी एका मंगळवारी बंद पडू द्यायला मी तयार नाही.

संधिवाताचं कौतुक मला नको सांगूस. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं दोन वर्षांपासून मिटत नाहीत. झग्याची बटणं शेजारच्या क्लेओबाई लावून देतात, आणि लावता लावता गल्लीतल्या सगळ्या भानगडी सांगतात, तेवढाच फायदा. तरी या कागदावरचं अक्षर बघ. कुठे थरथर दिसते का? दिसणार नाही, कारण बोटं या कामात नाहीतच. ती पेनाला नुसती टेकून बसली आहेत, कचेरीतल्या आमच्या साहेबांसारखी. काम सगळं खांदा करतो.

झालं, नोएमीने पुन्हा मदर एस्कोलास्तिकांचं पुराण काढलं, असं म्हणून तू कपाळावर हात मारला असशील. मार. नन्सच्या शाळेतला त्यांचा तो अक्षर वळवायचा वर्ग तुलाही आठवत असणार. बत्तीस मुली, एप्रिलचा उकाडा, घामाने हात बाकाला चिकटायचा. मदर डबा घेऊन बाकाबाकाशी यायच्या आणि प्रत्येकीच्या कोपराखाली पावडर टाकायच्या, भाकरीला पीठ लावावं तशी. मग टिपरीच्या ठेक्यावर वेटोळी काढायची, एकात एक, पानभर, अक्षर म्हणून नाहीच. हाताच्या पाठीवर वीस सेंताव्होंचं तांब्याचं नाणं ठेवायचं. बोटं वळवळली की नाणं घरंगळायचं आणि ती मुलगी उभी. दोन वर्षांत आमच्या सगळ्यांची अक्षरं अशी एकसारखी झाली, की आमच्या घरच्यांनाही कुठलं कुणाचं ते कळेना.

तुझं नाणं रोज पडायचं. तुझ्या आईने बायकांच्या उईपिल झग्यांवर फुलं भरून भरून तुला त्या शाळेत घातलं होतं, आणि तू तिच्याच मांडीवर बसून हात चालवायला शिकलेली. तुझी अक्षरं बारीक, रेखीव, टाक्यासारखी एकेक सुटी. मला ती फार आवडायची, पण तेव्हा बोलले नाही. मदर तुझ्या वहीवर वाकून म्हणायच्या, “एल्सी, लिहायला बसली आहेस की टाके घालायला?” आणि एकदा तू मान वर न करता म्हणालीस, “मग बोटं काय देवाने अंगठ्या घालायला दिलीत, मदर?” अख्खा वर्ग हसला. पुढच्या सत्रात त्या तुला रोज शाळा सुटल्यावर थांबवून हात बसवून देणार होत्या. त्यांचा तुझ्यावर जीव होता. तुझा विश्वास बसणार नाही, पण होता.

ते सत्र तुला मिळालंच नाही. मे महिन्यात मदरच्या प्रार्थनेच्या पुस्तकात ती चिठ्ठी सापडली: ‘बिशपांपेक्षा मदरच्या मिशा दाट.’ त्यांनी ती वर्गात आणली, उजेडात धरली आणि नुसतं अक्षर पाहिलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “या वर्गात एकतीस मुली खांद्यातून लिहितात. बोटांनी लिहिणारी एकच आहे.” तू म्हणालीस, मी नाही लिहिलं. त्यावर कुणी काही विचारलं नाही. दुपारी तुझी आई येऊन तुला घेऊन गेली. तिच्या झग्याला टोचून ठेवलेली सुई काढायचीही राहिली होती.

पुढचं तुझं तुला ठाऊक. सुई, मग कांपेचेला लग्न, मग मिर्ना. तुला शाळेतून काढल्यावर दोन वर्षांनी तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा पाकिटावरचे ते टाके मी दारातच ओळखले. पुढे त्याच बोटांनी तू घर चालवलंस, कांपेचेतल्या अर्ध्या नवऱ्यामुलींचे पोशाख भरलेस. आता ती थकली. थकू देत, त्यांचा तो हक्कच आहे. पण एल्सी, तुझा खांदा अजून कोराच आहे, त्याने काही केलेलंच नाही. म्हणून तुझा तो राहिलेला धडा मी इथे देते. सोमवारी काळ्या घेवड्यातलं डुकराचं मटण जेवून घरातली सगळी टांगलेल्या झोळ्यांत आडवी झाली की टेबलाशी बस. पाय जमिनीला टेकव. कोपराच्या पुढचा मांसल भाग टेबलावर ठेव, त्याखाली पावडर विसरू नकोस. मनगट अधांतरी. पेन जाड हवं, नसेल तर बारक्या पेनावर बूच चढव. शेवटच्या दोन बोटांची नखं कागदावरून घसरू देत. आता हात मागेपुढे हलू दे, चुलीवरचं रटरटणारं ढवळावं तसा. वेटोळी काढ. पहिला आठवडा ती अंड्यासारखी, बटाट्यासारखी, कशीही येतील. मिर्नाला हसू देऊ नकोस. हसलीच तर तिलाही एक पान काढायला लाव.

आता एवढी तळमळ मला का, ते. चॅपलमध्ये गुडघे टेकून बसल्यावर मांडीवरच्या कागदावर खांदा चालत नाही, एल्सी. जागाच नसते. बोटांनीच लिहावं लागतं, आणि मग अक्षर बारीक येतं, सुटं सुटं येतं. तुझ्यासारखं लिहावं असं माझ्या मनातही नव्हतं, पण आलं तसं. मदर वर्गात बोलत होत्या तेव्हा मी माझ्या हातावरची पावडर बघत बसले. तू मला कधी विचारलं नाहीस, आणि एकाही पत्रात मी सांगितलं नाही. तुझी पत्रं बंद झाली तर सांगायला जागाच उरणार नाही, म्हणून आज सांगते. रागावलीस तर तो रागही खांद्यातूनच काढ, रेघ मोठी येते. पानभर वेटोळी आली तरी मला कळेल आणि नुसती आडवी काट मारलेली आली तरी कळेल. फक्त टाइप केलेलं नको. खालची ओळ मी मुद्दाम कागद मांडीवर घेऊन, या मोडक्या बोटांनी लिहिते आहे. वेळ लागेल, पण अक्षर तू ओळखशील.

ती चिठ्ठी माझी होती.

तुझीच, हातावर पावडर लावून बसलेली,
नोएमी