दोन नंबरवरचा पंखा

अण्णा, तुमची सून गेली. चार महिने झाले. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षे होत आली आणि एवढ्या काळात तुम्हाला काही लिहावे असे मला कधी वाटले नाही. आज लिहितो आहे, कारण जे सांगायचे आहे ते छताच्या पंख्याविषयी आहे, आणि पंख्याविषयी मी जे काही जाणतो ते तुमच्याकडूनच आलेले आहे.

डोंबिवलीच्या या घरात निजायच्या खोलीतला पंखा तुम्हीच घेऊन दिला होता. आमचे लग्न नुकतेच झाले होते. कोपरीच्या आपल्या चाळीतून आपण तिघे ठाणे स्टेशनचा पूल ओलांडून पलीकडच्या दुकानात गेलो. कारखान्यात विजेच्या देखभालीचे काम करणारा माणूस पंखा कसा घेतो, हे त्या दिवशी तिने प्रथम पाहिले. तुम्ही दुकानदाराला पंखा टांगायला लावलात, एकापासून पाचापर्यंत प्रत्येक आकड्यावर चालवून घेतलात, मध्येच बंद करून दांडी डुलते का ते पाहिलेत, आणि स्टुलावर चढून मोटार किती तापली हे तळहाताने तपासलेत. दहा फुटांच्या खोलीला अठ्ठेचाळीस इंची पंखा पुरतो, पाती जमिनीपासून किमान आठ फुटांवर असावीत, छताला चिकटलेल्या पंख्याला वरून हवाच मिळत नाही, असे तुम्ही मला समजावत होता. तेवढ्यात ती म्हणाली, "अण्णा, मला मात्र पाचावर लागतो हं." तुम्ही स्टुलावरूनच उत्तर दिलेत, "सूनबाई, पाच पाहुण्यांसाठी. घरच्यांना दोन पुरतो." तिला ते इतके आवडले, की पुढे चौतीस वर्षे घरात कोणीही आले की ती मला बजावत असे, पाहुणे आलेत, पाच करा.

आठवणारा दुसरा दिवस त्याहून जुना आहे. मी दहा वर्षांचा आहे. आपल्या स्वयंपाकघरातही पंखा होता, त्याचे चाळीत सर्वांना अप्रूप वाटे. आई तापाने त्याच खोलीत पडली आहे, तिचा चेहरा लाल झाला आहे, आणि मी तिला बरे वाटावे म्हणून पंखा लावतो. तुम्ही कामावरून येता, चप्पलही न काढता बटण बंद करता आणि मला म्हणता, "आजारी माणसाला वारा लागू द्यायचा नसतो, एवढी अक्कल नाही?" आई तीन दिवसांनी उठली. तुमचे म्हणणे खरे ठरले, निदान मला तसे वाटले.

तुमच्या सुनेला फुप्फुसांचा विकार झाला. फाल्गुनात रुग्णालयातून घरी आणली तेव्हा खाटेशेजारी प्राणवायूचे यंत्र होते आणि खाटेपासून दारापर्यंतची चार पावलेही तिला चालवत नव्हती. पंख्याचा रेग्युलेटर दाराजवळ, तुम्ही सांगितलेल्या उंचीवर. दुपारी डोंबिवलीत उकाडा वाढू लागला की ती म्हणे, अहो, जरा वाढवा ना. मी तीनावर नेत असे आणि तिचा डोळा लागला की पुन्हा दोनावर आणत असे. तिला खोकला होता. वाऱ्याने तो वाढेल, असे मी तिला सांगत असे, अगदी तुमच्याच सुरात. विठ्ठलवाडीला तिच्या बहिणीकडे रिमोटवर चालणारा पंखा होता. एकदा ती म्हणाली, "तसला एक आणा. म्हणजे तुम्हाला सारखं उठवायला नको, माझं मी बघीन." मी लगेच होकार दिला. आणि मग, अण्णा, मी तुमच्यासारखा पंखा निवडू लागलो.

खोली पुन्हा मोजली. छताची उंची टेपने घेतली. ठाण्यातली दोन आणि कल्याणातली दोन दुकाने पाहिली, कोणता पंखा किती वीज घेतो, किती हवा देतो, आवाज किती करतो, वीज जाऊन आली की आपोआप कोणत्या आकड्यावर सुरू होतो, याचा तक्ता केला. कल्याणचा दुकानदार तिसऱ्या खेपेला म्हणाला, "काका, पंखा घेताय की जावई बघताय?" मी घरी येऊन तिला हे सांगितले. ती हसली, हसताना तिला धाप लागली. असे तीन आठवडे गेले.

एका मंगळवारी सकाळी तिला श्वासाचे व्यायाम शिकवण्यासाठी एक बाई आल्या. आल्या आल्या त्यांनी वर पाहिले, काही न विचारता रेग्युलेटर चारावर नेला आणि खाट थोडी सरकवून तिचे तोंड वाऱ्याखाली आणले. तिने डोळे मिटले. तिचे खांदे खाली आलेले मी पाहिले. दोन महिन्यांत ते तसे कधी सैल झाले नव्हते. बाई मला म्हणाल्या, "काका, धाप लागणाऱ्याला चेहऱ्यावर वारा हवा असतो. त्यानं त्यांना हवा पुरतेय असं वाटतं. आधी नाही का कोणी सांगितलं?" सांगितले होते. तिनेच रोज सांगितले होते. त्याच दुपारी मी तक्ता न पाहता पंखा आणला, पण बसवणारा शनिवारी येणार होता. शुक्रवारी ती गेली.

तो पंखा नंतर बसवला. आवाज अजिबात नाही, हवा खाटेवर नेमकी येते. माझी निवड अचूक होती. मी त्याच्याखाली निजतो आणि सकाळी उठावे असे काही कारण मला सापडत नाही. मुलगी फोनवर म्हणते, बाबा, तुम्ही सगळं केलंत तिचं.

हे पत्र मी तुम्हाला दोष देण्यासाठी लिहायला घेतले होते. तुमचा तो स्वयंपाकघरातला शब्द मी पन्नास वर्षे पाळला आणि त्यापायी तिचे दोन महिने गुदमरत गेले, असे मांडायचे होते. वर तसेच मांडले आहे. पण हे कोणाला धाडायचे नाही, तेव्हा एवढे तरी खरे लिहावे. तिचा डोळा लागला की मी पंखा दोनावर आणत असे तेव्हा मला तुमची आठवण होत नसे, तिच्या खोकल्याचीही नाही. मी शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत असे, आणि तीनावर पाने उडत.