दारातून कळतं

४ मार्च
ठकीच्या बेंबीपाशी सकाळी एकदम कळ आली. दोनदा उलटी. घरात डॉक्टर तीन – सासरे लहान मुलांचे, नवरा हाडांचा, नणंद डोळ्यांची. निदानंही तीन! गॅस, जंत, गणिताची परीक्षा. जेवताना वाद रंगला, पोर आत गुडघे पोटाशी घेऊन कण्हतेय.

"बाबा, जरा हात लावून बघता?" मी सासऱ्यांना म्हटलं.

"चाळीस वर्षं पोटंच बघतोय. दारातून कळतं मला. गॅस आहे."

दारातून!

५ मार्च
कळ आता उजवीकडे, खाली. ताप. कमरेत वाकून चालते. नवऱ्याला म्हटलं, तू तरी बघ. "बाबांपुढे मी कसा हात लावू? बरं दिसतं का ते?" दुसऱ्या डॉक्टरकडे नेते म्हटलं तर भडकलाच – "बाबा असताना? लोक काय म्हणतील!" लोक गेले खड्ड्यात! तरी मी नेलं नाही.

संध्याकाळी – दुखणं थांबलं! एकदम. ठकीने पाणी मागितलं. "बघ, म्हटलं नव्हतं?" तिघंही एका सुरात. मीही हसले. मूर्ख!

६ मार्च
पोट फळीसारखं ताठ. अंगाची भट्टी. कुणाला न विचारता उचलली आणि हॉस्पिटल गाठलं. सर्जनबाईंनी आधी हात चोळून ऊब आणली, मग पोटावर ठेवला. "जरा खोक बघू, बाळा." दुखेल म्हणून ठकीने तोंडच दाबून धरलं.

"अपेंडिक्स फुटलंय. फुटल्यावर थोडा वेळ बरं वाटतं, तिथेच घरचे फसतात. आधी कुणाला दाखवलं होतं?"



७ मार्च
ऑपरेशन झालं. पोटभर पू होता. धोका टळला म्हणतात. नवरा खुर्चीत बसून रडला. रडू दे! मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

९ मार्च
सासरे एकटेच आले. मी तोंडाला येईल ते बोलले. "एक हात, बाबा! एकदा हात लावायचा होता!"

 बाबा खाली बघत म्हणाले, "लावला असता तरी कळलं नसतं गं. बोटं बधिर झालीत माझी. वर्ष होत आलं."

१० मार्च
नवऱ्याला सांगितलं. "माहितीये," म्हणाला. "बाहेर बोलू नकोस."

कपडे न्यायला घरी आलेय. खाली बाबांचा दवाखाना उघडलाय. बाकावर बाया पोरं घेऊन बसल्यात.