न जुळलेली अक्षरं

बंगळूर, ४ जुलै १९९०

ती. बाबांस,
उमाचा सा. न. वि. वि.

बातमी चांगली नाही. पेशीच्या अंगावर संप्रेरक ओळखून धरणारं जे प्रथिन असतं, त्या रिसेप्टरचा जीन उंदराच्या यकृतातून वेगळा काढायला मला तीन वर्षं लागली. त्याच्या डीएनएची निम्मी अक्षरं वाचूनही झाली होती. परवा परदेशातल्या एका लॅबने माझ्याआधी तोच जीन शोधपत्रिकेत छापला. त्यांची अन् माझी अक्षरं ताडून पाहिली. बरीचशी जुळतात, जिथे जुळत नाहीत तिथे माझंच वाचन चुकलं असणार. आता पीएचडीचा हट्ट पुरे; लॅब सोडायचा अर्ज माझ्या गाइड सरांकडे दिला आहे. गणपतीला येते, ती कायमचीच. माईला तुम्हीच सांगा.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची उमा

बदलापूर, ११ जुलै

चि. उमास अनेक आशीर्वाद.

माईला सांगितलं. तू येतेस एवढंच तिने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला जाऊन, दुकानदार थकेपर्यंत घासाघीस करून, तुझ्यासाठी गादी आणली. मलाही तू घरी हवीच आहेस. तरी एक सांगतो. अंबरनाथला आमच्या कारखान्यात एकाच नमुन्याची तपासणी दोघे जण वेगवेगळी करतात. उत्तरं जुळली नाहीत तर ज्युनिअर चुकला असं आम्ही धरत नाही; पुन्हा तपासतो. तू मात्र चूक परस्पर स्वतःच्या नावावर घालून मोकळी झालीस. इतका नम्रपणा माझ्याशी कधी दाखवला नाहीस. न जुळलेला भाग पुन्हा वाच, मग खुशाल ये. हे पत्र माईला दाखवलेलं नाही.

तब्येतीला जप, आमचा जीव तुझ्यात आहे.
बाबा

बंगळूर, १४ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पुन्हा वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या मालिनीकडूनही वाचून घेतलं. अक्षरं तीच आली. उरलेला निम्मा भाग तर त्यांच्यापेक्षा सरळ वेगळा निघाला. म्हणजे माझा जीन त्यांचा नव्हेच. तो त्याच घराण्यातल्या दुसऱ्या रिसेप्टरचा आहे आणि आजवर कुणी छापलेला नाही. सरांनी दुपारभर दोन्ही वाचनं स्वतः ताडून पाहिली. संध्याकाळी म्हणाले, की लॅब सोडायचा अर्ज परत घे.

आणखी वर्षभराचं काम आहे. गणपतीला येणं जमणार नाही. माईला वेगळं पत्र लिहिते आहे. ती चिडली तर बिनधास्त माझं नाव सांगा. मी फार खुशीत आहे, बाबा, आणि लिहिताना रडूही येतंय. तुम्हाला मी घरी हवी होते, आणि तुम्हीच मला इथे ठेवलंत.

लोभ आहे तसाच राहू द्या.
तुमची उमा